मुखडा दादाचा, अंतरा मुरलीचा

मी कुलरच्या जाळीत नवी खस भरत होते. एप्रिल लागला होता आणि नागपुरात हे काम पुढे ढकलता येत नाही. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हाक मारली, "बेबी, मुंबईचा फोन आहे वं, ये लवकर." हात पुसत गेले. पलीकडे दादा होता. "मुरली गेला. झोपेतच," एवढंच म्हणाला. परत आले आणि उरलेली खस भरली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

दिनकर आणि मुरलीधर हे माझे दोघे मोठे भाऊ. थोरल्याला मी दादा म्हणते, धाकटा नुसता मुरली. साठ सालच्या सुमाराला दोघं मुंबईला गेले आणि पुढं बरीच वर्षं हिंदी सिनेमाच्या पडद्यावर संगीतकार म्हणून त्यांची नावं मध्ये आडवी रेघ घेऊन येत राहिली. फार मोठं नाव झालं असं नाही. पण त्यांचं गाणं लागलं की आमच्या वस्तीतल्या पानठेल्यावर रेडिओचा आवाज वाढायचा.

मुरली गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एक किस्सा घेऊन आला. काही खरे, काही जरा जास्तच खरे. रडायला आलेली माणसं हसायला लागायची आणि निघताना दारात ओशाळायची. पुढचे किस्से काही तेव्हा ऐकलेले, काही माझ्यापाशी आधीचेच होते.

*

आमच्या घरी पेटी एकच. सकाळी दादा ती घेऊन बसायचा. जेमतेम मुखडा होतो न होतो तोच आई त्याला सार्वजनिक नळावर पाण्याला पिटाळायची. तो गेला की मुरली पेटीवर झडप घालायचा आणि अंतरा रचायचा. दादा बादल्या घेऊन येईपर्यंत गाणं पुरं!

मुंबईत नळ घरात आला, पद्धत तीच राहिली. मुखडा जमला की दादा उठून चहाला बाहेर जायचा आणि मगच मुरली पेटीला हात लावायचा. एका निर्मात्याला हे ठाऊक नव्हतं. मुखडा त्याला आवडला, म्हणून तो खूश होऊन दादाला आग्रहानं बसवून घेत राहिला. मुरली तिथंच कोपऱ्यात पेपर वाचत होता. शेवटी निर्मात्यानं विचारलं, "आगे का कब सुनाएंगे?"

दादा म्हणाला, "आप मुझे जाने दें तब."

*

निम्म्या चाली तरी उन्हाळ्यात, नागपूरला आल्यावर व्हायच्या. दारं बंद आणि कुलर चालू. कुलर बंद करावा तर घाम, चालू ठेवावा तर त्याची घरघर. मुरलीनं तोडगा काढला. तंबोरा नकोच, कुलर ज्या सुरात घरघरतो तोच सा धरायचा.

मुंबईत रेकॉर्डिंगच्या वेळी एक नावाजलेली गायिका वैतागली. इतका उंच सूर कुणी लावला, असं तिनं विचारलं. सगळा वाद्यवृंद खाली बघायला लागला. मुरली हात जोडून पुढं झाला.

"बहनजी, इस साल कूलर नया लिया है. पुराना वाला नीचे बोलता था."

*

मुरलीचं एक दुखणं होतं. लोक मुखडा गुणगुणतात, अंतरा कुणाला आठवतो?

एकदा स्टेशनवरून तो सायकलरिक्षानं घरी येत होता. रिक्षावाला त्यांचंच गाणं म्हणत होता. मुरली सुखावला, अंतऱ्याची वाट बघत बसला. पण रिक्षावाला मुखडा संपला की पुन्हा मुखडाच धरायचा. इंदोऱ्यात आमच्या वस्तीपर्यंत तेच. शेवटी मुरलीला राहवेना.

"अरे भाऊ, पुढचं म्हण ना."

"पुढं काही नाही साहेब. पुढं बाजा वाजते, मंग हेच येते."

सामान रिक्षातच राहिलं. भर उन्हात, फाटकाशी उभं राहून मुरली त्याला अंतरा शिकवत होता. मी दोघांसाठी पाणी घेऊन गेले तेव्हा रिक्षावाला म्हणत होता, "हे तं त्याहून चांगलं आहे गा. मंग सांगत काहून नाही?"

*

त्याच दुखण्यातून पुढं भांडण झालं. मुरलीनं एकट्यानं एक चित्रपट घेतला. मुखडे करायला बसला, पण त्याचा प्रत्येक मुखडा अंतऱ्यासारखाच वाटायचा. निर्माता म्हणाला, "बढ़िया है. अब शुरू से सुनाइए."

इकडे दादानं एकट्यानं केलेल्या गाण्यात एकामागून एक तीन मुखडे होते.

दर चौदा एप्रिलला आमच्या वस्तीला या दोघांचं एक नवं गाणं लागायचं. कितीही काम असो, दोघं जयंतीला यायचेच. त्या वर्षीही आले, पण वेगवेगळ्या गाड्यांनी. दादानं बायांच्या गायन पार्टीला मुखडा शिकवला आणि तिथंच बसून राहिला. मुरली मांडवाच्या मागे उभा. पार्टीची म्होरकी पारबताबाई, आईच्या वयाची. तिनं दोघांकडे बघून घेतलं.

"तुम्ही मुंबईत काय करून राहिले ते करा. आमचं गाणं अर्धं काहून?"

आणि तिनं बायांना खूण केली. बाया मुखडाच म्हणत राहिल्या. थांबेचनात. ढोलकीवाल्याचे हात भरून आले. तेव्हा दादा उठला, चहाच्या टपरीकडे गेला. मागून मुरलीनं अंतरा उचलला.

माफी कुणी मागितली नाही. दोघं एकाच रिक्षातून घरी आले.

*

यंदा दादा जयंतीला येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो पेटी घेऊन एकटाच आला. गाण्याचा मुखडा त्यानं मार्चमध्येच केला होता आणि मुरलीला ऐकवलाही होता. अंतरा नागपूरला गेल्यावर करू, असं मुरली म्हणाला होता.

मांडवात दादानं बायांना मुखडा शिकवला. पारबताबाई आता थकली आहे, तिला खुर्ची दिली होती. मुखडा झाला, पुन्हा झाला, पुन्हा झाला. दादानं पेटीवरचे हात काढले. मला वाटलं, आता तो सांगेल की बस झालं.

तो उठला आणि चहाच्या टपरीकडे चालू लागला.

बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी पारबताबाईकडे पाहिलं. तिनं हातानंच सांगितलं, चालू ठेवा. दादा टपरीपाशी मांडवाकडे पाठ करून उभा होता. त्याचा चहा संपेपर्यंत बाया मुखडाच म्हणत होत्या.

त्या गाण्याला अजून अंतरा नाही.