रुमालाखालचा हात

डॉ. वत्सलाताईंचं पहिलं दर्शन मला त्या भांडत असतानाच झालं. करोनाच्या काळात मी नगरच्या एका रुग्णालयात सिस्टर होते आणि मानसोपचाराच्या या डॉक्टर आमच्या वॉर्डात शिरून एका पेशंटसाठी हट्टाला पेटल्या होत्या.

पेशंट म्हणजे घोडेगावचे जनावरांचे व्यापारी रंगनाथभाऊ. ऑक्सिजन सुधारला होता, पण भाऊ डोळे उघडे ठेवून नुसते पडून. बोलणं नाही, अन्नपाणी नाही. "आमचं मालक लई बोलकं मानूस हाय वो," म्हणत त्यांची बायको दाराशी रडत होती. मेंदूच गेला, आता घरी न्या, असा वॉर्डात सूर होता.

ताईंनी भाऊंचा हात उचलून सोडला. तो तसाच अधांतरी राहिला. "हा कॅटाटोनिया. माणूस जागा असतो, पण थिजून जातो. करोनातही होतो, आणि बराही होऊ शकतो," त्या म्हणाल्या. पण औषध होतं गुंगी आणणारं इंजेक्शन! मोठ्या डॉक्टरांनी हरकत घेतली आणि ती रास्त होती. भाऊंचा श्वास मंदावला असता तर? "मग मी इथून हलतच नाही," म्हणून ताई पीपीई किटमध्ये घामाघूम होत खाटेशेजारी बसल्या.

इंजेक्शननंतर थोड्या वेळाने त्यांनी टॉवेल मागितला. ताई घोडेगावच्याच, वडील बैलांचे सौदे करायचे. त्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात, शेजारच्याला कळू नये म्हणून. ताईंनी टॉवेलखाली भाऊंची बोटं दाबली. "बोला व्यापारी, द्यायचा का बैल?" काहीच नाही. त्यांनी पुन्हा दाबली. टॉवेल हलला आणि भाऊ पुटपुटले, "न्हाई परवडत."

मी किटच्या आत हसले आणि रडलेही.

पुढे औषध चालू राहिलं, भाऊ सावकाश बरे झाले. "ही भूतबाधा नव्हे, आजार आहे," हे ताई त्यांच्या बायकोला रोज दाराशी जाऊन समजावत. असा निश्चल पेशंट दिसला की 'आधी हात उचलून बघा' हा त्यांचा हुकूम आम्ही आजही पाळतो.

ताईंची साठी पूर्ण होतेय आणि त्यानिमित्त मी हे लिहितेय, हे कळताच भाऊ माझ्याकडे आले. "मला काय लिवता येत न्हाई. हात आना इकडं," म्हणाले. खुणा समजावून त्यांनी उपरण्याखाली माझी बोटं दाबली आणि ताईंसाठी किती वर्षं मागायची ते सांगितलं. आकडा मी इथे लिहिणार नाही. रुमालाखालचा भाव फोडायचा नसतो. ताईंनी मात्र ठणठणीत राहून तो पुरा करावा. यात घासाघीस चालणार नाही.