शब्दाचं माहेर

आमचे शेजारी रत्नागिरीच्या शाळेत इंग्रजी शिकवीत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. संध्याकाळी ते अडकित्ता घेऊन ओटीवर बसत. कोणी जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, की आधी सावकाश सुपारी कातरत. "अर्थ मागाहून. आधी त्याचं माहेर बघू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लॉर्ड म्हणजे मुळात भाकरी राखणारा, हे त्यांच्याकडून कळलं आणि आम्हां कोर्टातल्या कारकुनांची साहेबाविषयीची भीती थोडी कमी झाली. आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत.

पुढे त्यांची मुलगी विधवा होऊन देवरूखहून परत आली. मास्तरांच्या थोरल्या भावाने तिचे केस उतरवायला न्हाव्याला बोलावलं. मास्तर अडकित्ता घेऊन उंबऱ्यातच बसले.

"बाजूला हो. रीत आहे ती," भाऊ म्हणाला.

मास्तर सुपारी कातरू लागले. "दादा, इंग्रजांची विडो आणि आपली विधवा, दोघींचं माहेर एकच. मूळ अर्थ एवढाच, की वेगळी पडलेली. केसांचं त्यात काही नाही." मग न्हाव्याला म्हणाले, "तू जा हो बाबा."

त्यानंतर आळीतलं कोणी त्यांच्या ओटीवर फारसं चढलं नाही. मुलगी मात्र रोज परसात अबोलीला पाणी घालताना दिसे, लांब वेणी पाठीवर सोडून. माझी आई तोंड फिरवी. मला त्या वेणीकडे पाहताना उंबऱ्यात बसलेल्या मास्तरांचा अडकित्ता आठवे.