अर्ध्या टँकरचा ब्रेक

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न मागता साचतात. एक काळं ऑइल आणि दुसरे किस्से. ऑइल न्यायला भंगारवाला तरी यायचा. किस्से कुणी नेत नाही, ते आपल्याच डोक्यात गळत बसतात. मी कळंब तालुक्यातल्या एका सहकारी संघाच्या गॅरेजात फिटर होतो. आता रिटायर होऊन घरी बसलोय. बायको म्हणते, "किती वेळा तेच तेच सांगता हो!" म्हणून आज तुम्हाला धरलंय. सगळे ब्रेकचेच किस्से आहेत. का म्हणाल, तर इंजिन बंद पडलं की माणूस नुसता वैतागतो. ब्रेक बिघडला की मात्र दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतो!

*

आमचे मुख्य मेकॅनिक बाशूभाई. तोंडात पान, कानावर पेन्सिल. गाडी आली की हात लावायचे नाहीत. आधी ड्रायव्हरला समोर बसवायचं आणि विचारायचं, "गाडीला काय झालं ते नको सांगू. तू काय केलंस ते सांग."

एकदा आमचे डायरेक्टर माणिकराव जीप घेऊन आले. घामाघूम! "बाशूभाई, ब्रेक दबतच नाही हो! दगडावर पाय ठेवल्यागत वाटतंय. पहिल्या गेअरवर आलो इथवर!"

मी लगेच जॅक लावला, चाक खोलायला घेतलं. बाशूभाईंनी मला थांबवलं.

"साहेब, आलात कुठून?"

"तुळजापूरहून. देवीला गेलो होतो."

"नारळ किती नेले?"

"पाच."

"अन् फोडले?"

माणिकराव आठवायला लागले. "चार... पाचवा कुठं गेला की!"

बाशूभाईंनी पेडलखाली हात घातला, पाचवा नारळ बाहेर काढला, ऐरणीवर फोडला आणि सगळ्यांना वाटला. "घ्या, ब्रेकचा प्रसाद!"

दुसऱ्या दिवशी माणिकराव गावभर सांगत होते, "आईनंच वाचवलं बघा!" बाशूभाई म्हणाले, "वाचवलं तिनंच. पर नारळबी तिचाच होता."

*

बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यानंतर आमच्याकडं दोन-चार धाकटे दुष्काळ येऊन गेले, त्यांना कुणी नावंसुद्धा ठेवली नाहीत. त्यातल्या एकात संघानं पाण्याचा टँकर करायचं ठरवलं. जुना ट्रक होताच, त्यावर टाकी बसवायची. संघाचे चेअरमन अण्णा, बाजूला माणिकराव, समोर टाकी बनवणारा कारागीर. मी चहा पीत दारात उभा.

कारागीर म्हणाला, "अण्णा, टाकीत मधे मधे आडवे पत्रे घालावे लागतील. पाणी हलत न्हाय मग."

माणिकरावांनी विचारलं, "ते पत्रे बाहेरून दिसतील का?"

"न्हाय साहेब, आत असत्यात."

"मग आत कोण बघायला जाणार आहे?"

ठराव झाला! आत पत्रे नाहीत. आणलेले पत्रे तर वाया घालवायचे नाहीत, म्हणून त्यांची कमान केली. ज्या गावाला पहिलं पाणी जायचं त्या गावाच्या तोंडाशी ती उभी राहिली, आणि तिच्यावर लाल अक्षरांत अण्णांचं नाव. अक्षरं एवढी मोठी की टँकरमधल्या पाण्यापेक्षा रंगच जास्त लागला असावा.

*

टँकरवर ड्रायव्हर दिला कांबळे. पोरगा सास्तूरचा, बौद्ध घरातला. बाप जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेला. कांबळेला अजून कायमची ऑर्डर नव्हती, ती अण्णांच्या सहीवर अडली होती. "उन्हाळा नीट काढ, पावसाळ्यात कायम करतो," असं अण्णांनी सांगितलं होतं.

एक दिवस त्याचा बाप एसटीनं गॅरेजात आला. टँकरभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला.

"हे समदं पाणी तूच वाटतूस व्हय रं?"

"व्हय, बाबा."

म्हाताऱ्यानं बॉनेटवरची धूळ हातानं पुसली. मग बाशूभाईंना म्हणाला, "आमच्या बापजाद्यांना हिरीवर चढू देत न्हवते, मियाँ. माझं पोरगं गावाला पाणी पाजतंय. ही नोकरी जाऊ देऊ नका."

बाशूभाईंनी त्यांना आपल्या डब्यातली भाकरी दिली. मला भरून आलं, उगाच कशाला लपवू? मी नट-बोल्टचे पाने शोधायच्या निमित्तानं टँकरखाली शिरलो.

*

आणि आठ-पंधरा दिवसांत कांबळे रडवेला होऊन आला. टँकर गावात थांबवला, तर तो थांबला आणि परत पुढं गेला! बायकांनी रांगेत लावलेल्या घागरी चाकाखाली चपट्या झाल्या. माणसं थोडक्यात वाचली.

"पेडल सोडलं असशील," मी म्हणालो.

"आईशप्पथ न्हाय! पाय दाबलेलाच व्हता. गाडी थांबती, अन् मग कुणीतरी मागून ढकलल्यागत पुढं जाती."

ब्रेक ऑइल बघितलं, लायनर बघितले, चाकं खोलून बसवली. आवारात टेस्ट घेतली. रिकामा टँकर जिथल्या तिथं उभा! विहिरीवर भरून परत टेस्ट घेतली. भरलेला टँकरही जिथल्या तिथं उभा!

तेवढ्यात माणिकराव आले. कांबळेच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि ओरडले, "वास येतोय! दारू प्यायलाय हा!"

कांबळे माळकऱ्यापेक्षा कडक. चहासुद्धा प्यायचा नाही. बाशूभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, जरा लांब होऊन बोला. तुमचाच वास परत येतोय."

तरीपण बोभाटा झाला तो झालाच. त्यात अण्णांचा भाचा त्या सीटवर कधीपासून डोळा ठेवून होता. अण्णांनी सांगून टाकलं, "आणखी एक धक्का बसला की कांबळे घरी!"

*

शेवटी बाशूभाई मला म्हणाले, "दत्तू, ह्याच्यासंगं बसून बघू. आजारी माणसाला घरी जाऊन बघावं लागतं." आम्ही दोघं केबिनमध्ये बसलो.

टँकर विहिरीवर काठोकाठ भरला. वाटेत अण्णांचा द्राक्षाचा मळा. तिथं त्यांचा सालगडी पाइप घेऊन रस्त्यावर उभा. त्यानं हात केला, कांबळेनं ब्रेक मारला, टँकर झकास थांबला. सालगड्यानं पाइप जोडला आणि अर्धं पाणी मळ्यात! हे रोजचंच. तालुक्यातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं, फक्त कागदाला माहीत नव्हतं. कागदावर टँकर विहिरीवरून भरलेला निघायचा आणि गावातून रिकामा यायचा.

मळा सोडला आणि पुढं शेळ्यांचा कळप आडवा आला. कांबळेनं ब्रेक दाबला. टँकर थांबला. बाशूभाई म्हणाले, "थांबला की बे!" आणि मागून असा धप्प आवाज आला! टाकीतलं पाणी पुढच्या पत्र्यावर आदळलं, धुळीत चाकं घसरली आणि टँकर हातभर पुढं. बाशूभाईंच्या चुन्याची डबी माझ्या सदऱ्यावर. शेळ्यावाल्यानं आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

बाशूभाईंनी कांबळेच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, तुझा ब्रेक चांगलाय. धक्का पाणी मारतंय. भरल्या टाकीत त्याला हलायला जागा नसती, अर्ध्या टाकीत ते धावतं."

"मग सांगा की अण्णांना!"

"काय सांगू? टाकी अर्धी असती असं? अर्धी कुणी केली, ते कोण सांगणार?"

कांबळेचं तोंड एवढंसं झालं.

*

आम्ही सांगून नाही बघितलं असं नाही. तेवढ्यात अण्णांनी सोलापूरहून बडा मिस्त्री बोलावला होता. त्यानं मास्टर सिलिंडर बदललं, नळ्या बदलल्या, लायनर बदलले. जुनं सगळं चांगलं होतं, नवंही सगळं चांगलं होतं. मग बाशूभाईंनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो भाबडा माणूस थेट अण्णांकडं गेला.

"अण्णा, एकदा टाकी अर्धी भरून टेस्ट घेऊ."



"अर्धी?" अण्णा म्हणाले. "आपल्याकडं अर्धा टँकर नसतोच. एक तर भरलेला, न्हाय तर रिकामा. अन् दुष्काळात पाण्यानं टेस्ट घेता? लोक जोड्यानं मारतील मला!"

मिस्त्री संध्याकाळच्या एसटीनं परत गेला. जाताना मला म्हणाला, "तुमच्या गावात ब्रेकपेक्षा दुसरंच काहीतरी जाम झालंय."

*

आता शेवटचा. दुसऱ्या धक्क्यात सरपंचाची मोटारसायकल आडवी झाली आणि कांबळेला घरी पाठवायच्या आधीच चौकशी लागली. उस्मानाबादहून पाणीटंचाईचे साहेब आले. अण्णांचा भाचा नवा शर्ट घालून गॅरेजात हजर. कांबळेचे वडीलही सास्तूरहून आले होते आणि नेमके त्या गावात, कमानीजवळच्या झाडाखाली बसले होते. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना.

आवारात भरलेल्या टँकरची टेस्ट झाली. झकास! अण्णा हसले. "बघा साहेब, गाडी ठीक, ड्रायव्हर खराब."

साहेब जरा चिकट होते. म्हणाले, "आवारात नको. रोजच्या रस्त्यानं गावापर्यंत जाऊ. मी केबिनमध्ये बसतो."

नाही म्हणता येईना. अण्णाही केबिनमध्ये चढले. मी, बाशूभाई आणि माणिकराव मागून जीपमध्ये.

मळा आला. बिचाऱ्या सालगड्याला चौकशीचं कोण सांगणार? तो नेहमीसारखा रस्त्यात आला आणि हात केला. कांबळेनं ब्रेक मारला. टँकर जागच्या जागी! साहेब खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "उत्तम ब्रेक!" तोवर गड्यानं पाइप जोडून कॉक सोडलासुद्धा, आणि वर बघून ओरडला, "लई उशीर केलास रं कांबळे! मालक सकाळपासनं बोंबलायलेत!"

आणि मालक दिसले. केबिनमध्ये, साहेबांच्या शेजारी.

साहेब खाली उतरले. पाण्याकडं बघितलं, मळ्याकडं बघितलं. "चेअरमनसाहेब, हे काय आहे?"

अण्णा काही साधे गडी नव्हते, तीन निवडणुका जिंकलेले. लगेच म्हणाले, "टेस्टच आहे साहेब! टाकी अर्धी करून बघायची असं मीच सांगून ठेवलंय."

"असं होय? मग करा अर्धी."

जीपमध्ये बाशूभाईंनी माझी मांडी एवढी दाबली की दोन दिवस दुखत होती.

अर्धा टँकर घेऊन निघालो. गावाच्या तोंडाशी कमान, पलीकडं घागरी घेऊन बायका, अलीकडं झाडाखाली म्हातारा. साहेबांनी सांगितलं, "कमानीच्या अलीकडं थांबव." कांबळेनं थांबवला. साहेबांनी खिशातून पेन काढलं. धप्प! टँकर धुळीत घसरला, बंपर कमानीच्या खांबाला लागला आणि अण्णांचं नाव हळूहळू वाकून केबिनच्या टपावर आडवं झालं.

सगळे उतरले. कुणालाच लागलं नव्हतं. बायका गोळा झाल्या. म्हातारा उठून उभा राहिला. अण्णा कांबळेकडं बघत होते, आणि ती नजर कशाची होती ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

साहेबांनी विचारलं, "कांबळे, खरं सांग. तुझा ब्रेक लागतो की नाही?"

कांबळेनं एकदा बापाकडं बघितलं. मग म्हणाला, "लागतो साहेब. मळ्यापाशी रोज लागतो. गावात आलं की लागत न्हाय."

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळी रांगच हसायला लागली, घागरी हातात घेऊन. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि अण्णांकडं बघत राहिले.

अण्णा एकदम म्हणाले, "असा इमानदार ड्रायव्हर दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा न्हाय साहेब! ह्याची कायमची ऑर्डर तयारच आहे माझ्याकडं!" आणि बंडीच्या खिशातून तो उन्हाळाभर अडवलेला कागद काढून तिथंच, बॉनेटवर, सगळ्यांच्या देखत सही केली. भाच्याचा नवा शर्ट नंतर गॅरेजात ऑइल पुसायच्या कामाला आला.

म्हातारा टँकरजवळ आला.  पूर्वीसारखाच बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

बाशूभाई तोवर पडलेल्या कमानीचे पत्रे गोळा करत होते. एकेक पत्रा झटकला, वाकडा होता तो पायानं सरळ केला आणि अण्णांपुढं ठेवला.

"अण्णा, आता हे टाकीत बसवू का?"

अण्णांनी पत्र्यांकडं बघितलं, साहेबांच्या पेनाकडं बघितलं आणि टोपी नीट केली.

"बसवा," ते म्हणाले. "फक्त नाव सुलटं येऊ द्या."