तीन रंगांचा कराटेवाला

कराटेवाल्या कार्टूनची कॅसेट धरमपेठेतल्या व्हिडिओ लायब्ररीत आली आणि आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी सरळ चालणंच सोडून दिलं. जो तो उडी मारून घराबाहेर पडायचा. "हूऽ हा!" करत फाटकाला लाथ, कुंडीला लाथ, दूधवाल्याच्या उभ्या सायकलीला लाथ. पिक्चर म्हणे बराच जुना होता, परदेशात थेटरात लागून कधीचा उतरलेला. आता कॅसेटवर निघाला म्हणून आमच्याकडे नवा. एक मुखवटावाला हीरो, हातात ना तलवार ना बंदूक, नुसत्या लाथाबुक्क्यांनी आख्खं शहर वाचवायचा. बोलणं सगळं इंग्रजी, पण कोणाचं काही अडलं नाही. मारामारी सगळ्यांना समजते.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही तेव्हा नुकतेच खाप्याहून आलो होतो. आमच्या ह्यांची बदली नागपूरच्या ऑफिसात झाली आणि एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. पोरगी आठ वर्षांची, एकुलती एक. खाप्यात दिवसभर नदीच्या अंगानं हुंदडायची, जेवायला धरून आणावी लागायची. इथे आली आणि खिडकीचा गज धरून उभी राहायला लागली. शाळा दुपारची, म्हणून सकाळभर तिथेच. गल्लीतली पोरं काही वाईट नव्हती. त्यांचं आपसात जमलेलं होतं, एवढंच. पण मला ते बघवत नव्हतं. मी मुळात तापट. खाप्यात माझ्या तोंडाला कोणी लागत नसे. इथे मात्र भांडायचं तरी कोणाशी, हेच कळेना.

पुढच्या भागात घरमालक राहायचे. त्यांच्याकडे कलर टीव्ही. एका रविवारी त्यांनी व्हीसीआर आणून ते कार्टून लावलं, आणि गल्लीतली झाडून सारी पोरं त्यांच्या हॉलमध्ये जमली. आमच्या पोरीला कोणी बोलावलं नाही. विसरले असतील, आज मला तसंच वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. भिंतीपलीकडून पोरांच्या आरोळ्या येत होत्या आणि आमची पोरगी भिंतीला कान लावून बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वरून दुसऱ्याच दिवशी टोळीचं फर्मान निघालं. घरमालकांची मुलगी आमच्या पोरीपेक्षा वर्षानं मोठी, टोळीची म्होरकी. तिनं जाहीर केलं की यंदा तान्ह्या पोळ्याला सगळ्यांनी कराटेवाला बनायचं. जो बनेल तो टोळीत.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो, तोच तान्हा पोळा. पोरं लाकडाचे चाकावरचे बैल सजवतात, अंगावर काहीतरी सोंग चढवतात, देवळापुढच्या मैदानात रांगेत उभी राहतात, आणि मग घरोघर जाऊन बोजारा मागतात. बोजारा म्हणजे खाऊ. सोंगं दरसालची ठरलेली, कोणी शेतकरी, कोणी राजा, कोणी डोक्यावर टोपली घेतलेली भाजीवाली. त्या वर्षी बैलांमागे कराटेवाले चालणार होते. चालू द्या बाप्पा!

"आई, मले पण बनायचं हाये," पोरगी म्हणाली. "मग ते मले घेतील त्याहीच्यात."

नागपुरात आल्यापासून तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी म्हटलं, "अवं, बनवते ना! असा ड्रेस शिवते का सारी गल्ली पाहात राहीन." शिवणात माझा हात धरणारं खाप्यात कोणी नव्हतं. पण शिवायचं तर आधी बघायला पाहिजे, आणि मी तो कराटेवाला डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

पुढच्या रविवारी मी स्वतः लायब्ररीत गेले. कॅसेटला कव्हर-बिव्हर काही नव्हतं, काळ्या डबीवर पांढरी पट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं, 'कराटे कार्टून'. लायब्ररीचा माणूस व्हीसीआर सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी घेऊन आला, वायरी जोडल्या, आणि जाताना मला बजावून गेला, "भाभी, पॉज मत करना. हेड खराब होता है."

तो फाटकाबाहेर पडला आणि मी पॉज केला.

आता आमच्या टीव्हीबद्दल सांगायला पाहिजे. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. पण आमच्या ह्यांनी, आम्ही खाप्यात असतानाच, नागपूरच्या जरीपटक्याच्या बाजारातून काचेपुढे लावायचं रंगीत प्लास्टिक आणलं होतं. तेव्हा बऱ्याच घरी असायचं ते. वरचा पट्टा निळा, मधला नारंगी, खालचा हिरवा. शेतीच्या कार्यक्रमात आभाळ निळं दिसायचं, पीक हिरवंगार दिसायचं, बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडावर चांगली लाली असायची. अजून काय पाहिजे? वर्ष-दोन वर्षं रोज त्यातूनच बघत होतो. समोर प्लास्टिक आहे हे डोक्यातूनच गेलं होतं. आमच्या लेखी तो कलर टीव्हीच होता.

त्यात तो कराटेवाला उभा. मुखवटा निळा, सदरा नारंगी, विजार हिरवी. चित्र थरथरत होतं, मधून पांढऱ्या रेघा धावत होत्या, आणि मी काचेला टेप लावून बाहीची लांबी मोजत होते. पोरगी वहीत लिहून घेत होती. मग पुन्हा चालू केलं, तर त्यानं उडी मारली आणि त्याचा सदरा निळा झाला.

"आई, उडला का रंग काहून बदलते त्याचा?"

"अवं, शक्ती येते ना त्याच्या अंगात!" मी म्हटलं. मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. पोरीलाही पटलं. असल्या हीरोला काय, काहीही होऊ शकतं.

हे पलंगावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला. "अवं, ते प्लास्टिक..."

"तुम्ही चहा घ्या," मी म्हटलं. "शिवणातलं तुम्हाला काय कळतं?"

त्यांनी चहा घेतला. बिचारे! माझ्या एका वाक्यावर गप्प बसायची सवय त्यांना लग्नानंतर महिनाभरातच लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी मशीनवर बसले. निळ्यासाठी ब्लाउजपीस होता. नारंगीसाठी पडद्याचं उरलेलं कापड निघालं. हिरवं काही मिळेना. शेवटी माहेरून आलेली हिरवी साडी काढली, घडी न मोडलेली, आणि पदराच्या बाजूनं कात्री लावली. हे "अरे अरे" म्हणाले, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. खरं सांगते, किती महिन्यांनी मी कामात एवढी रमले होते. सकाळी हे ऑफिसात गेले की मी मशीन ओढायची, पोरगी शेजारी बसून दोरा ओवून द्यायची, आणि आम्ही दोघी गप्पा मारायचो. कमरेला गोंडे लावले, बाह्यांना पायपिंग केलं, मुखवट्याला आतून अस्तर लावलं, पोरीला टोचू नये म्हणून. "उभी राह्य. हात वर कर. लाथ मारून पाह्य बरं!" ती लाथ मारायची आणि मी शिवण तपासायची. घरमालकीण बाई एकदा मशीनचा आवाज ऐकून डोकावल्या, "काय चाललंय?" म्हणून. मी ड्रेस चादरीखाली ढकलला. म्हटलं, आत्ता नाही, पोळ्याच्या दिवशी बघा.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात पोरगी जरा गप्प झाली होती. मला दिसलं, पण मी कामाच्या तंद्रीत. म्हटलं, अंगात कसर असेल. एकदा तिनं विचारलं, "आई, पांढऱ्या कपड्याचा पण शिवता येते का वं ड्रेस?" मी म्हटलं, "पांढरा काय शोभते? तू फक्त लाथा मारायचं पाह्य." ती पुन्हा दोरा ओवायला लागली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारीच मी तिला सजवली. निळा मुखवटा, नारंगी सदरा, हिरवी विजार, गोंडे. बैलाच्या शिंगांनाही तेच तीन रंग. पोर अशी दिसत होती की मी बोटं मोडून दृष्ट काढली. हे म्हणाले, "झकास!" आणि आम्ही तिघं मैदानात गेलो.

टोळी आधीच रांगेत उभी होती. सात-आठ पोरं, आणि सगळी पांढरी. वरपासून खालपर्यंत पांढरी. कोणी शाळेचा पीटीचा ड्रेस घातलेला, कोणी बापाचा लेंगा दुमडून, एकानं तर उशीच्या अभ्र्याला डोळ्यांसाठी भोकं पाडून तोंडावर चढवलेला. कराटेवाला पांढराशुभ्र होता! साध्या जुन्या चादरीत काम झालं असतं.

एका क्षणात सगळं माझ्या डोक्यात लख्ख झालं. ते प्लास्टिक, तो उडताना बदलणारा रंग, ह्यांचं अर्धवट राहिलेलं वाक्य. माय वं!

पोरं हसली. हसणारच हो, मीही हसले असते. कोणीतरी "पोपट! पोपट!" ओरडलं. घरमालकांची मुलगी मात्र हसली नाही. ती खरंच गोंधळली होती. आमच्या पोरीजवळ येऊन म्हणाली, "अगं, मी तुला शाळेत सांगितलं होतं ना, तो पांढरा असतो म्हणून? तुला पांढरा सदरा देते असंही म्हटलं होतं. मग हे काय घातलंस?"

पोरगी म्हणाली, "आईनं शिवलं. मी हेच घालणार."

"पण मग तू आमच्या रांगेत कशी दिसशील?"

"नाही दिसणार," पोरगी म्हणाली, आणि बैलाची दोरी ओढत रांगेच्या शेवटी, लहान्या पोरांच्या मागे जाऊन उभी राहिली. एकटी. मुखवटा तिनं काढला नाही.

मी पुढे निघाले होते. कोणाला काय बोलणार होते, मलाच माहीत नाही, पण ह्यांनी माझा हात धरला. लग्नात धरला होता, त्यानंतर चारचौघांत पहिल्यांदाच धरला असेल. प्लास्टिकबद्दल त्यांनी तेव्हाही एक शब्द काढला नाही, पुढे कधीही काढला नाही. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. टोळी "हूऽ हा" करत गल्लीत बोजारा मागायला गेली, आणि आमची पोरगी शेवटून, आपला बैल नीट सांभाळत, प्रत्येक दाराशी थांबत गेली.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. हे मुद्दाम बाहेर ओट्यावर बसले. मी स्वयंपाकघरात तिच्या कमरेचे गोंडे सोडायला घेतले. गाठी सुटेनात.

"त्या पोरीनं तुले कधी सांगतलं, पांढरा असते म्हणून?"

"मागच्या सोमवारी."

"अन् तू मले बोलली काहून नाही? एका दिवसात पांढरा शिवला असता मी! साडी गेली तर गेली. तुले टोळीत घेतलं असतं ना वं त्याहीनं!" माझा आवाज चढला. रागच येत होता मला, तिचा नाही, माझाच, पण बाहेर पडला तो तिच्यावर. "मी रागावीन म्हणून भेली का?"

तिनं मान हलवली. "तुझ्या रागाले मी नाही भेत."

"मग?"

"तू रडशील म्हणून."

"मी? मी कधी रडते?"

"रोज," ती म्हणाली. किती साधेपणानं म्हणाली! "इथं आलो तेव्हापासून. बाबा ऑफिसात गेले का तू मोरीतला नळ सोडते अन् रडते. मले खिडकीपाशी आयकू येते."

मी गोंड्याची गाठ तशीच धरून बसले. मला वाटत होतं, पाण्याच्या आवाजात काही कळत नाही.

"ड्रेस शिवून राहिली होती ना, तेव्हा एकही दिवस नाही रडली तू," ती म्हणाली. "सांगतलं असतं तर मशीन बंद झाली असती."

आठ वर्षांची पोर. मी तिला जवळ ओढायला गेले, पण त्याआधीच माझा पदर तोंडाशी गेला होता, आणि नळ सोडायलाही मी उठले नाही.

तिनं मुखवटा डोक्यावरून काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि मोठ्या माणसासारखा उसासा टाकला.

"पाह्य," ती म्हणाली. "म्हणूनच नव्हतं सांगतलं मी."