बातमी नसली तरी

माननीय मुरलीधरराव पालवे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या परराष्ट्रनीतीवर लिहायला मोठमोठी माणसे आहेत. मी त्यांचा लघुलेखक. आयुष्यभर त्यांनी सांगितले आणि मी लिहून घेतले. आज पहिल्यांदाच त्यांना न विचारता लिहितो आहे, त्यामुळे हात जरा अडखळतो.

साहेबांची पहिली भेट एका आखाती देशातल्या आपल्या दूतावासात झाली. ते राजदूत म्हणून रुजू झाले, त्या सकाळी छाप पाडायची म्हणून मी अगदी कडक इंग्रजीत त्यांचे स्वागत केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "नेवाशाचे ना तुम्ही? मग उगाच घसा कशाला सुकवता?" आमच्याच नगर जिल्ह्यातला, पाथर्डीकडचा माणूस राजदूत झाला याचे मला कोण अप्रूप! त्यांना स्वतःला त्याचे काहीच नव्हते.

त्याच आठवड्यात माझी फजिती झाली. पाथर्डी तालुक्यातल्या सुमनबाईंचा फोन आला. त्यांचे यजमान अंबादास तिकडे ट्रक चालवत. अपघातात एक माणूस दगावला आणि वाचता न येणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करून अंबादास तुरुंगात गेले होते. बाई म्हणाल्या, "भाऊ, माजं मानूस जित्तं हाय का न्हाई, तेवडं सांगा." मी ठरलेले उत्तर दिले, की प्रकरण विचाराधीन आहे, काही कळल्यास कळवू. फोन ठेवून वळतो तर मागे साहेब उभे.

"त्यांनी विचारलं काय आणि तुम्ही सांगितलं काय?"

साहेब रागावले की त्यांचा आवाज चढत नाही, खाली जातो. तसा तो गेला होता. त्यांनी लगेच तुरुंगात अधिकारी पाठवून अंबादास धडधाकट असल्याची खात्री केली आणि मला फर्मावले, की दर मंगळवारी या बाईंना फोन करायचा.

"आणि बातमी नसली तर?"

"नसली तरी करायचा. बातमी नाही, हे सांगायला."

मला तेव्हा ते खूळ वाटले. पुढे एकदा प्रवासात त्यांनी कारण सांगितले. लहानपणी आईवडिलांबरोबर तेही ऊसतोडीला जात, आणि आजारी धाकटी बहीण गावी मामांकडे राही. पाथर्डीकडची जीप कारखान्यावर आली की आई कोयता टाकून रस्त्याकडे धावत. "समदं ठीक हाय, नवं काय न्हाई," एवढे थांबून सांगणाऱ्या ड्रायव्हरला त्या आपल्यातली भाकरी देत. न थांबता जाणाऱ्याला मात्र अशा शिव्या घालत, की "त्यांचा उपयोग मला कुठल्याच वाटाघाटीत करता आला नाही," असे साहेब हसत म्हणाले.

सेवानिवृत्तीनंतर साहेब परराष्ट्रमंत्री झाले आणि त्यांनी मला दिल्लीला बोलावून घेतले. अंबादास अजून तुरुंगातच होते, त्यामुळे मंगळवारचा फोन तिथूनही चालू राहिला. तालुक्याची मात्र थोडी निराशाच झाली. सभेत साहेब दहा मिनिटांत खाली बसत, टाळीचे वाक्य एकही नाही. पाथर्डीच्या स्टँडवर मी स्वतः ऐकले आहे, "लई हुशार मानूस हाय, पर आपल्याला काय उपेग?" खरे सांगायचे तर आपल्या भागासाठी हट्ट धरणे त्यांना कधी जमलेच नाही, आणि मलाही त्याची चुटपुट लागे.

मंत्री म्हणून ते त्याच आखाती देशात गेले, तेव्हा एक मोठा करार व्हायचा होता. अंबादासांचा विषय काढू नये, बोलणी बिघडतील, असा सल्ला मिळाला. सह्या होईपर्यंत साहेब त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा मनस्वी राग आला. मग निरोप घेताना, दाराशी, यजमान मंत्र्यांचा हात हातात धरून ते म्हणाले, "आमच्या गावाकडची एक बाई दर मंगळवारी फोनजवळ बसते. एकदा तरी तिला काही नवीन सांगावं म्हणतो." तो हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

काही आठवड्यांनी अंबादासांना माफी मिळाली. त्या मंगळवारचा फोन साहेबांनी स्वतः केला. पलीकडे सुमनबाई नुसत्या रडत होत्या आणि इकडे साहेब चष्मा पुसत होते. अंबादास परतले त्या दिवशी विमानतळावर हार घेऊन फोटोसाठी जमलेल्या कार्यकर्त्यांना त्यांनी निरोप धाडून परत पाठवले.

यंदा साहेबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. दोन दिवस डॉक्टर काहीच सांगेनात. सुमनबाईंचे फोन येत होते आणि सांगायला काही नाही म्हणून मी ते घेत नव्हतो. शेवटी एकदा घेतला. बाई म्हणाल्या, "आवं भाऊ, बातमी न्हाई तर न्हाई म्हना, पर फोन तर उचला!" इतक्या वर्षांच्या सहवासात साहेबांकडून जे शिकलो, ते मीच विसरलो होतो. मला माझी लाज वाटली.

साहेब आता बरे होऊन घरी आले आहेत आणि डॉक्टरांशी चहाच्या साखरेवरून वाटाघाटी करत आहेत. त्यांनी शंभरी पाहावी, ठणठणीत राहून पाहावी. मंगळवारचा फोन आता सुमनबाईंकडून येतो, आणि मी पहिल्या घंटीला उचलतो. माझी देवाकडे एवढीच मागणी आहे, की पुढची कित्येक वर्षे मला त्यांना दर मंगळवारी हेच सांगता यावे: साहेबांचे सगळे ठीक आहे, नवीन काही नाही.