लई लांबनं आलेला दगड

राग आला की माणूस तो कुणाला तरी सांगतो, आणि सांगता सांगता त्याचा किस्सा होतो. माझे असे बरेच झालेत, आणि सगळे एकाच दगडाचे. आमच्या उमरग्याच्या कॉलेजात मधल्या सुट्टीत कुणीतरी चहा सांगतं आणि म्हणतं, "मॅडम, ते बादलीचं सांगा ना." मी सांगते, ते हसतात. मला अजून हसू आलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी केमिस्ट्री शिकवते. दरवर्षी पोरांना सांगते की काही उल्का कोळशासारख्या काळ्या असतात, त्यांत कार्बन असतो, कधी कधी अमिनो आम्लंही सापडतात. म्हणजे ज्या मालापासून जीव घडतो तो माल पृथ्वीबाहेरही तयार होतो. मग तिकडं कुठं जीव घडलाच नसेल कशावरून? तपासायचं तर अट एकच. दगडाला हात नाही, पाणी नाही, तेल नाही. कारण तोच माल आपल्या घामात, थुंकीत, पानाफुलांत सगळीकडं असतो. एकदा मिसळला की वरचा कुठला आणि आपला कुठला, कळत नाही. इतकी वर्षं हे शिकवलं, पण असा दगड डोळ्यांनी पाहिला नव्हता. आणि एके दिवशी तो आमच्याच जिल्ह्यात पडला!

*

पडला सास्तूरच्या पुढं, भरदुपारी. मोठा आवाज झाला आणि सगळी माणसं घरं सोडून मोकळ्यात येऊन उभी राहिली. त्र्याण्णव सालापासून तिकडं आवाज म्हणजे आधी भूकंप, मग बाकी सगळं. त्यावर मी हसत नाही आणि कुणाला हसूही देत नाही.

दगड सापडला मल्लिनाथअप्पांच्या तुरीत. अप्पांची शेती आहे आणि भुसाराचं दुकान. त्यांचा नातू आमच्या कॉलेजात, त्यानं फोन केला. मी लगेच अप्पांना फोनवर घेतलं आणि तीनतीनदा बजावलं की दगडाला हात लावू नका. फिजिक्सच्या वाघमारे सरांच्या मोटरसायकलवर बसून आम्ही निघालो. माझ्या मांडीवर फॉइलचा रोल, पर्समध्ये हातमोजे.

पोचलो तर दगड अंगणात पाटावर! स्वच्छ धुतलेला, विभूतीचे तीन पट्टे ओढलेले, वर बेलाचं पान.

"अप्पा, हात लावू नका म्हटलं होतं ना मी?"

"हात कुठं लावलाय? धोतरात धरून आणला, वरनं कळशी वतली." अप्पा शांतपणे म्हणाले. "मॅडम, पाव्हणं दारात आलं की पाय धुवायला पाणी देतो का न्हाय आपण? ह्यो तर लई लांबनं आलाय."

मी त्यावर जे बोलले ते वयानं मोठ्या माणसाला बोलू नये. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि आम्हालाही पाय धुवायला पाणी दिलं.

*

आता बादलीचं. आमचा चहा होईस्तोवर पोलिसांची गाडी आली. कुणीतरी कळवलं होतं की वरून काहीतरी पडलंय आणि स्फोट झालाय. हवालदार उतरले ते थेट अप्पांच्या गोठ्यातली बादली घेऊनच. मी मध्ये पडेपर्यंत दगड बुडालेला! आणि बादलीत म्हशीचं पाणी होतं, पेंडीचा चुरा तरंगत होता. म्हटलं, साहेब, हा दगड जळतच खाली आलाय, जे पेटायचं ते वरच पेटून गेलं.

हवालदार म्हणाले, "आन् फुटला असता म्हंजी? माझ्या घरी सांगायला तुमी गेला असता का?"

मी हातमोजे चढवले आणि दगड बादलीतून बाहेर काढला. वाघमारे सर म्हणाले की माणसाचंही बरोबर आहे. मी परतीच्या वाटेत त्यांच्याशी बोलले नाही.

*

दगड सध्या कॉलेजात ठेवा, असं वरून सांगण्यात आलं. मी तो वाळवला, फॉइलमध्ये गुंडाळला, प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात झाकून ठेवला आणि परीक्षेच्या ड्युटीला एक दिवस बाहेर गेले. एकच दिवस.

परत आले तर सभागृहात टेबलावर मखमली कापड आणि त्यावर आपला दगड, आरशासारखा चकाकणारा. कॉलेज तपासायला समिती आली होती आणि आमच्या प्राचार्यांनी दगडाला खोबरेल चोळलं होतं. "फारच निस्तेज दिसत होता हो," म्हणाले. मी त्यांना सांगितलं की सर, हा निस्तेज होता तेव्हा लाखमोलाचा होता. ते म्हणाले, लाखमोलाचा आहे हे समितीला दिसायला नको का?

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती गेली. पण खरा किस्सा पुढंच आहे. समितीतल्या एका सदस्यांनी दगड दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटून कपाळाला टेकवला, जागेवर ठेवला आणि हात रुमालाला पुसले. त्यांची पीएच.डी. केमिस्ट्रीतली होती.

*

त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या क्लार्कनं मला जिन्यात गाठलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता. म्हणाला, "मॅडम, समजा जीव वरूनच आला, तर आपल्याला डोमिसाइल कुठलं द्यायचं?" मी त्याला तिथंच सोडून खाली आले.

*

शेवटी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकांना फोन लावला. पाणी, विभूती, बेल, पेंड, खोबरेल, कपाळ, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडं ते सगळं लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "आत कुणी गेलंय का?"

आत म्हणजे दगडाच्या गाभ्यात. तेल, पाणी तिथपर्यंत मुरलं नसेल तर चिमूटभर गाभा पुरे, म्हणाले, कोरड्या काचेच्या बाटलीत, कुणाचा हात न लागता. मी फोन ठेवला आणि प्रयोगशाळेत एकटीच रडले. रागानं नव्हे, बऱ्याच दिवसांनी आशा वाटली म्हणून.

दुसऱ्या दिवशी कडी लावून दगड फोडला. वाघमारे सर दाराला पाठ लावून उभे, आणि बाहेरून प्राचार्य दार वाजवतायत की फोटोग्राफर आलाय, जरा थांबा! दगड ठिसूळ होता, आतला गाभा चिमट्यानं काढतानाच भुगा झाला. काळा, बारीक, कोरडा भुगा. बाटलीत भरून बूच लावलं. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात कुणाचाही हात न लागलेली तेवढीच एक चिमूट. वाघमारे सर ती दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पुण्याला नेणार होते. तोवर कॉलेजात ठेवायची माझी छाती होईना. मी ती घरी नेली आणि स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागं ठेवली.

*

घरी माझी आई होती. जळकोटला राहते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उमरग्याला आली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. तिला मिसरीचं व्यसन, सकाळी तंबाखूचा तो जळका भुगा दाताला घासल्याशिवाय तिचा दिवस उगवत नाही. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली होती, म्हणून तिची डबी मी लपवली होती. त्यावरून दोन दिवस आमचं वाजत होतं.

सकाळी वाघमारे सर आले. हेल्मेट, बॅग, बाटलीसाठी कापसाचा डबा, सगळी तयारी. मी स्टुलावर चढून फळीवर हात घातला. बाटली नाही. सगळे डबे खाली काढले. नाही.

मागच्या दारी गेले तर आई मोरीच्या कट्ट्यावर बसलेली, बोट दातांवर फिरत होतं, ओठ काळे. शेजारी बाटली, रिकामी.

"लपवून ठिवलीस व्हय गं?" ती म्हणाली. "घावली बघ. पर चव न्हाय हिला. नुस्ती कचकच लागतीया."

मी काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. शेजारच्या दोन्ही घरांनी ऐकलं म्हणे. ही मिसरी नाही, हे पृथ्वीच्या आधीचं आहे, वरून आलंय, जीव कसा सुरू झाला ते ह्यात लिहिलं असेल, आपल्याशिवाय आणखी कुणी आहे का हे विचारायला एवढंच उरलं होतं, एवढंच! वाघमारे सर हेल्मेटसकट पायरीवर बसले.

आईनं तोंड मिटून सगळं ऐकलं. मग सांडू नये म्हणून हनुवटी वर केली, उघड्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मग आता थुकू का गिळू?"