कचरूचा सांधा

आमच्या टेंभुर्णीचा कचरू एकोणीस वर्षं जालन्याला मस्तगडच्या पत्र्याच्या थेटरात कामाला होता. मशीन त्यानं एकदाही चालवलं नाही. तुटलेली फिल्मची पट्टी जोडणं हे त्याचं काम. बापानं बाजरीचं कणीस चोळून दाणा पारखायला शिकवलं होतं, तीच बोटं इथं कामी आली. रीळ उलगडताना डोळे मिटून तो पट्टी चिमटीतून जाऊ द्यायचा आणि कडेच्या भोकांचा दात कुठं फाटलाय ते बोटांनाच कळायचं. मग पात्यानं वरचा थर खरवडायचा, चिकटवायच्या सोल्युशनचा एक थेंब लावायचा आणि दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरायचं. त्याचा सांधा कधी सुटला नाही. हे मी गावचा म्हणून सांगत नाही, सगळं जालना सांगायचं.

मशीन शिकवायचे ते बद्रीनाथ उस्ताद. त्यांचे शागीर्द परभणी, नांदेड, औरंगाबादच्या थेटरांत पसरले होते. दसऱ्याला सगळे परत यायचे, मशीनची पूजा व्हायची आणि त्या वर्षी शिकून तयार झालेल्यानं सगळ्यांसमोर एक अख्खा सिनेमा चालवायचा. रीळ बदलताना थांबलं तर चालायचं. पण रीळ सुरू असताना पट्टी तुटली, की पुढच्या दसऱ्यापर्यंत वाट बघायची. पार पडला त्याला जुने शागीर्द केशरी फेटा बांधायचे आणि मशीनखोलीच्या भिंतीवर गेरूनं त्याचं नाव लिहायचे. भिंतीवर तेरा नावं होती. कचरूचं नव्हतं.

पहिल्या वर्षी कचरूनं विचारलं, तेव्हा उस्ताद म्हणाले होते, "तू मशीनवर गेलास तर सांधे कोण लावंल?" पाचव्या वर्षीही हेच म्हणाले. मग त्यानं विचारणं सोडलं.

एकोणिसाव्या साली पाळी मुकुंदची होती. जुना जालन्यातल्या कापडवाल्याचा मुकुंद, बावीस वर्षांचा, दहा महिन्यांत शिकलेला. उस्तादांनी कचरूला बोलावून सांगितलं, "अवंदा फेटा तू बांध. अन् अभिनंदनाचे चार शब्द बी तूच बोल. तू सगळ्यात जुना."

घरी कचरू जेवला नाही. सोनूबाईनं विचारलं, "अवं, भाकरीवर कशाला राग?"

"दहा महिने," कचरू म्हणाला. "दहा महिन्यांत तर ऊस बी तोडणीला येत न्हाई."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी तो रिळं तपासत होता. सातव्या रिळाला बोटं अडली. एक जुना सांधा कडेला उचलला होता. पट्टी तिरपी कापलेली, तशी फक्त तोच कापायचा, म्हणजे सांधा त्याचाच. पातं हाताशी होतं, बाटली उघडी होती. त्यानं बाटलीला बूच लावलं आणि रीळ डब्यात ठेवलं.

दसऱ्याला दुपारी थेटर भरलं. सहा रिळं पाण्यासारखी गेली. कचरू मशीनखोलीच्या दारात उभा होता. मुकुंदचा हात त्याला दिसत होता. हात चांगला होता, हेच त्याला सोसवत नव्हतं. सातवं रीळ अर्ध्यावर आलं आणि पडदा पांढरा झाला. खालून शिट्ट्या सुरू झाल्या.

मुकुंदनं पट्टी ओवून रीळ पुन्हा चालू केलं, सिनेमा संपवला. पण चेहरा उतरला होता. लोक गेल्यावर उस्ताद आणि सगळे शागीर्द मशीनखोलीत दाटीनं उभे राहिले. उस्ताद म्हणाले, "कचरूच्या हातची रिळं हायेत. त्याचा सांधा सुटत न्हाई. म्हंजे तूच पट्टी ताणली."

"व्हय उस्ताद," मुकुंद म्हणाला. "कचरूमामाचा सांधा कसा सुटंल? माझंच चुकलं. येतो पुढच्या दसऱ्याला."

कचरूनं मनात मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. पण ज्याचं वाईट चिंतलं, तोच त्याच्या सांध्याची शपथ वाहत होता. कचरूनं डब्यातून तुटलेलं टोक काढून उस्तादांपुढं धरलं.

"सांधा माझा हाय. सुटलेला परवाच सापडला व्हता. तसाच ठेवला."

"का?"

"जळत व्हतो, उस्ताद."

नांदेडचा पुंजाराम हसला. "एकोणीस वर्षं धूर कोंडला व्हता म्हणा की!" दुसरं कोणी हसलं नाही.

उस्तादांनी पट्टीचं टोक उजेडात धरून बघितलं. मग फेटा त्याच्या हातात कोंबला. "पोराचा दोष न्हाई. बांध. अन् बोलायचं ठरलं व्हतं ते बोल."

कचरूनं फेटा बांधला, घट्ट, नीट, एक पीळ इकडचा तिकडं होऊ न देता. मग म्हणाला, "मुकुंदा, आजपासून तू या तेरा जणांतला. तुझं नाव आता भिंतीवरून जायचं न्हाई. मला तुझा हेवा वाटतो, अजून बी वाटून राह्यला. आता जे खोटं बोललो न्हाई, तेवढंच माझं अभिनंदन समज."

गेरूनं चौदावं नाव लिहिलं गेलं. माणसं आपट्याची पानं द्यायला खाली उतरली. कचरू खिडकीशी बसून ते सातवं रीळ पुन्हा जोडायला लागला. मुकुंद फेट्यासकट मागं येऊन उभा राहिला.

"मामा, हे उस्तादांनी शिकवलंच न्हाई. तुम्ही शिकवता?"

"न्हाई," कचरू म्हणाला. पण बसल्या जागी थोडा सरकला, एवढाच, की खिडकीचा उजेड हातावर पडावा. आणि पट्टी त्यानं नेहमीपेक्षा सावकाश खरवडली.